गप्प सभेचा हिशेब



जव्हार-मोखाड्यात सभेला लोक येत नाहीत, अशी तक्रार आता कोणी करू नये. लोक येतात. डोंगर उतरून, दोन-दोन तास पायी चालून येतात. प्रश्न त्यानंतरचा आहे. सभा सुरू होते. खुर्चीवरचे बोलतात, सतरंजीवरचे ऐकतात. "काही शंका?" असे विचारले जाते. कोणी बोलत नाही. "मग सर्वानुमते मंजूर." अंगठे उमटतात, सह्या होतात. सभा उठते आणि बाहेर चिंचेखाली बिड्या पेटल्या की तीच माणसे खऱ्या शंका एकमेकांना सांगू लागतात. हातपंप कोणाच्या दारात बसणार? दाव्याच्या नकाशात नाल्यापलीकडची जमीन का नाही? रस्त्याचे काम ठरले कधी आणि दिले कोणाला?

म्हणजे शंका होत्या. बोलणारी तोंडेही होती. सभेत मात्र ती उघडली नाहीत.

तालुक्याच्या ठिकाणी यावर एक तयार उत्तर मिळते. "आदिवासी माणूस लाजाळू, भित्रा. शिक्षण नाही. त्याला काय बोलता येणार?" हे उत्तर आम्हांला साफ अमान्य आहे. जो माणूस लग्नाच्या बोलणीत रात्रभर तोडीस तोड बोलतो, बाजारात खुरासणीच्या भावावरून व्यापाऱ्याशी हुज्जत घालतो, तो ग्रामसभेच्या सतरंजीवर बसताच मुका कसा होतो? स्वभाव असा तासातासाला बदलत नसतो. बदलते ती बैठक.

आम्ही शेतीशास्त्र शिकून संघटनेच्या कामात आलो. राबातली रोपे पिवळी पडली, तर कोणी शहाणा शेतकरी "या बियाण्याची जातच आळशी" असे म्हणत नाही. तो पाणी तुंबले का पाहतो, राब नीट भाजला होता का पाहतो, खत पोचले का पाहतो. माणसाच्या बाबतीत मात्र पहिल्या झटक्यालाच बियाण्यावर दोष टाकून लोक मोकळे होतात.

माणूस चारचौघांत एकट्यापेक्षा वेगळा का वागतो, याचा अभ्यास करणारे एक शास्त्र आहे. त्याला सामाजिक मानसशास्त्र म्हणतात. नाव जड असले तरी मुळातला विचार कोणाही शेतकऱ्याला पटेल असा आहे. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेल्या कुर्ट लेविन या ज्यू शास्त्रज्ञाने तो एका सूत्रात मांडला. माणसाची वागणूक ही माणूस आणि त्याच्या भोवतालची परिस्थिती या दोहोंची मिळून बनते. आपल्या भाषेत सांगायचे तर पीक हे बियाणे आणि जमीन या दोघांचे. आमचे म्हणणे असे की आपल्या सभांचे मौन हा माणसांचा दोष नसून सभेच्या मांडणीचा दोष आहे, आणि मांडणी बदलणे आपल्या हातात आहे.

मौन महाग पडते

हा प्रश्न शोभेचा नाही. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहेत. १९९६ चा पेसा कायदा, त्याचे महाराष्ट्राने २०१४ साली केलेले नियम आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेच्या हाती पूर्वी कधी नव्हते एवढे बळ दिले आहे. वनहक्काचा दावा पहिल्यांदा ग्रामसभेपुढे येतो. जमीन संपादनापूर्वी सल्लामसलत करावी लागते. गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे आहे. वनहक्काच्या सभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात, असा नियमच आहे.

पण कायदा डोकी मोजतो. तोंडे उघडली की नाही, हे कोणताही नियम मोजत नाही. आणि जी सभा बोलली नाही, तिच्या नावावर लिहिलेला ठराव मात्र बोलत राहतो. पुढे प्रांत कार्यालयात, कोर्टात, "गावाने तर संमती दिली होती" असे म्हणायला तोच कागद कामाला येतो. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच मोखाड्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा तालुक्यात कोऱ्या मनाने दिलेला एकेक अंगठा किती महागात पडू शकतो, हे वेगळे सांगायला नको.

आपला तो बाळ्या

या शास्त्राचा पहिला धडा दोष देण्याविषयी आहे. स्वतःच्या हातून काही राहिले की माणूस परिस्थिती सांगतो: पाऊस होता, गाडी चुकली, पैसे नव्हते. दुसऱ्याच्या हातून राहिले की स्वभाव सांगतो: आळशी आहे, बेफिकीर आहे. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे! १९६७ साली अमेरिकेत जोन्स आणि हॅरिस या दोघांनी एक प्रयोग केला. लोकांना क्युबाच्या कॅस्ट्रोच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. लिहिणाऱ्याने कोणती बाजू घ्यायची, हे दुसऱ्याने ठरवून दिले होते, असे वाचणाऱ्यांना स्पष्ट सांगितले. तरीही कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिणारा मनातूनही त्याच्याकडेच झुकलेला असणार, असेच वाचणाऱ्यांना वाटले. दबाव डोळ्यांसमोर असूनही माणूस स्वभावालाच जबाबदार धरतो. १९७७ मध्ये ली रॉस याने या खोडीला दोष देण्यातली मूलभूत चूक असे नाव दिले.

आपल्याकडे ही चूक रोज होते. दिवाळीनंतर शाळेचे वर्ग निम्मे रिकामे होतात. बाहेरून आलेला म्हणतो, पालकांना शिक्षणाची कदर नाही. तो हे पाहत नाही की इथे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या वर पडतो खरा, पण उतारावरून वाहून जातो. नागली, वरई, भात निघाले की वरकस जमिनीत दुसरे पीक नाही. घरात धान्य संपायच्या आधी वीटभट्टीची उचल घेतलेली असते. पोरांना सांभाळायला मागे कोणी नसते. भिवंडी-वसईकडे निघालेल्या आईला शाळेची कदर नाही असे म्हणणे म्हणजे पुरात वाहून जाणाऱ्याला पोहण्याची हौस आहे असे म्हणणे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागातल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून आजपर्यंत कुपोषणाची चर्चा निघाली की बोट वळते ते आईच्या अज्ञानाकडे. तिच्या घरातल्या कणगीकडे, तिच्या मजुरीकडे, दवाखान्याच्या अंतराकडे ते उशिरा वळते.

ग्रामसभेच्या तारखाच पाहा. रिवाजाच्या सभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. जानेवारीत अर्धा पाडा वीटभट्टीवर. मे महिन्यात बाया हंडे घेऊन विहिरीवर. ऑगस्टात नागली-वरईच्या रानात. या तारखा आमच्या शेतीच्या वर्षाकडे पाहून ठरलेल्या नाहीत. मग "लोकांना गावाच्या कारभारात रस नाही" असा शेरा कोणी मारावा?

हा धडा दुधारी आहे, हेही सांगितले पाहिजे. तीन-चार गावांचा भार डोक्यावर असलेला ग्रामसेवक वेळेवर आला नाही की "सगळे एकाच माळेचे मणी" असे म्हणून आपली बाजूही मोकळी होते. त्याला दोष द्यायचा की त्याच्या रिकाम्या पदांचा हिशेब तालुक्याला मागायचा, हे नीट पाहून ठरवले तर लढाई योग्य दारात जाते.

लांब रेघ कोणती?

आता मौनाकडे येऊ. १९५१ साली सॉलोमन अॅश या शास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना एका खोलीत बसवले. समोर एक रेघ आणि शेजारी तीन रेघा. तिघींपैकी पहिलीइतकी लांब कोणती, एवढेच सांगायचे. लहान पोरालाही चुकणार नाही असा प्रश्न. पण खोलीतली एक सोडून बाकी सगळी मुले शास्त्रज्ञाने आधी पढवून ठेवली होती. ती एकामागून एक ठासून चुकीचे उत्तर देत. खरा परीक्षार्थी शेवटच्या जागांवर. एकटे बसवले असता या प्रश्नात जवळजवळ कोणी चुकत नव्हते. गटात मात्र सुमारे एक तृतीयांश उत्तरे गटाच्या सुरात सूर मिसळून चुकीची आली. चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत होते ते सोडून इतरांचे म्हणणे उचलले.

"ऐकावे जनाचे, करावे मनाचे" असे म्हणणे सोपे असते. डोळ्यांपुढच्या रेघेबाबत ही गत, तर ठरावाच्या कठीण भाषेतल्या कागदाबाबत काय होणार? त्यात पहिले बोलणारा सावकाराच्या घरचा, ठेकेदार किंवा पुढारी असला, आणि पुढच्या पावसात त्याच्याकडूनच हातउसने घ्यायचे असले, तर सतरंजीवरच्या माणसाने गप्प बसणे हा भित्रेपणा नव्हे. तो त्याचा हिशेब आहे.

पण अॅशच्या प्रयोगाचा उरलेला अर्धा भाग आपल्या जास्त कामाचा आहे. पढवलेल्या मुलांपैकी फक्त एकाला त्याने खरे उत्तर द्यायला सांगितले. तेवढ्यानेच चुकीची उत्तरे एक चतुर्थांशावर आली. बहुमत तेच, दबाव तोच, फक्त एक साथीदार मिळाला. आणि उत्तर मोठ्याने बोलण्याऐवजी कागदावर गुपचूप लिहायला दिले, तेव्हाही गटामागे जाणे खूप घटले.

यातून दोन गोष्टी निघतात. सभेत पहिला वेगळा आवाज काढणाऱ्याला एकटे सोडायचे नाही. आणि वजनदार माणसाने पहिल्यांदा बोलायचे नाही.

धूर सगळ्यांना दिसतो

१९६८ साली लाटाने आणि डार्ली या दोघांनी एका खोलीत माणसाला फॉर्म भरायला बसवले आणि भिंतीच्या फटीतून धूर सोडला. माणूस एकटा असला की चारांतले तिघे उठून बाहेर कळवत. खोलीत असे तीन अनोळखी लोक असले, तर ३८ टक्के वेळाच कोणी तरी कळवले. आणि बरोबरचे दोघे मुद्दाम ढिम्म बसलेले असले, तर दहातला एकच उठला. धूर डोळ्यांत जात होता. पण प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता. तो शांत आहे, म्हणजे घाबरण्यासारखे काही नसेल. दुसराही याच्या तोंडाकडे पाहून हेच म्हणत होता.

"समजले ना सगळ्यांना?" या प्रश्नावर सभेत हेच होते. वनहक्काच्या दाव्याचा तिसरा नमुना काय, पाच वर्षांच्या विकास आराखड्यात रक्कम कुठे लिहिली, हे शेजारच्याला समजले असेल, आपल्यालाच नाही, असे प्रत्येकाला वाटते आणि सगळे माना डोलावतात. न समजणारे पन्नास, आणि प्रत्येक जण स्वतःला एकटा समजतो. शास्त्र याला सामूहिक गैरसमज म्हणते. आम्ही त्याला मानेची सभा म्हणतो.

पाड्यावरचा हातपंप बंद पडला की तेच. पन्नास घरे पाणी भरतात, म्हणून पन्नासांना वाटते कोणी तरी पंचायतीत सांगितले असेल. त्या "कोणी तरी"ला ना घर ना दार. एकच घर वापरत असते, तर दुसऱ्या दिवशी तक्रार गेली असती. म्हणून "कोणी तरी जाऊन या" असे सभेत कधी म्हणू नये. नाव घेऊन म्हणावे: तू जा, बुधवारी जा, आणि शुक्रवारी येऊन सांग.

बारभाईची खेती

या शास्त्रातले एक जुने मोजमाप एका शेतीवाल्याचेच आहे, याचा आम्हांला विशेष आनंद आहे. फ्रान्समधला रिंगलमान हा कृषी अभियंता. माणसे दोर ओढताना किती जोर लावतात, हे त्याने मोजले आणि १९१३ साली छापले. एकट्या माणसाचा जोर शंभर धरला, तर आठ जण मिळून आठशे भरायला हवेत. भरले निम्म्याच्या आसपास. काही जोर ताल न जुळल्यामुळे वाया जातो आणि काही माणूस मनातल्या मनात राखून ठेवतो. बारभाईची खेती, काय लागेल हाती, असे म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनी दोर न मोजताच हे ओळखले होते.

पण आपल्याकडे याचा तोडही जुनाच आहे. भातलावणीला सावड चालते. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. तिथे कोणी अंग राखत नाही, कारण कोणाचे किती दिवस झाले हे सगळ्यांना तोंडपाठ असते आणि उद्या आपल्या खाचरात तीच माणसे येणार असतात. सरकारी श्रमदानात बांध अर्धा राहतो तो लोक कामचुकार असल्यामुळे नाही. कोणाचे काम किती, हे कोणालाच दिसत नाही म्हणून राहतो. बांधाचे वाव पाडून घराघराला वाटून दिले की तोच बांध चार दिवसांत उभा राहतो.

भाषणाने बियाणे पेरले जात नाही

आता आमच्या व्यवसायाचा विषय. शेती खात्याचा अर्धा कार्यक्रम आजही भाषणावर चालतो. हॉल भरवायचा, तज्ज्ञाने तास-दीड तास सांगायचे, चहा-बिस्किटे, हजेरीवर सही. मग "शेतकरी सुधारित पद्धत घेत नाहीत" असा अहवाल.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. हृदय, गुर्दे असे लोक सहसा न खाणारे भाग घराघरात शिजावेत, असे सरकारला वाटत होते. लेविनने गृहिणींचे गट केले. काही गटांना त्यातले पोषण, कमी खर्च, पाककृती यांवर उत्तम भाषण दिले. बाकीच्या गटांत माहिती तीच, पण बायांनी आपसांत अडचणी बोलायच्या, नवरा काय म्हणेल, वास कसा घालवायचा. आणि शेवटी या आठवड्यात कोण करून पाहणार, ते हात वर करून सांगायचे. पुढे चौकशी केली. भाषण ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायांनी ते करून पाहिले होते. आपसांत बोलून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के बायांनी.

त्याच सुमारास, १९४३ साली, आयोवा राज्यातल्या दोन गावांत रायन आणि ग्रॉस यांनी २५९ मका उत्पादकांची चौकशी केली. संकरित मक्याचे बियाणे उघड उघड जास्त पिकत होते, तरी ते सर्वत्र पसरायला दहा वर्षांहून जास्त लागली. बहुतेकांना बियाण्याची पहिली बातमी विक्रेत्याकडून मिळाली. पेरायचे धाडस मात्र शेजाऱ्याचे शेत पाहून आले. जव्हारमध्ये मोगरा असाच पसरला. पहिल्याच्या फुलाचे पैसे शेजाऱ्याने पाहिले आणि मग त्याने कलमे मागितली. माहिती कानाने येते, खात्री शेजारच्या बांधावरून येते आणि निर्णय चारचौघांत बोलल्याशिवाय पक्का होत नाही.

ही गोष्ट अमेरिकेकडून शिकण्याची गरज नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरेच आहे. आपल्याच जिल्ह्यात, शेजारच्या तलासरी भागात, ती १९४५ साली घडली आहे. तेव्हा जव्हार हे मुकण्यांचे संस्थान होते आणि पलीकडे डहाणू-उंबरगाव इंग्रजी अमलात. तिथले वारली वेठबिगारीत आणि लग्नगडीत पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले. लग्नासाठी कर्ज काढले की नवरा-बायको दोघे सावकाराचे. बाहेरचे लोक म्हणत, हा समाज मुका आहे, त्याला गुलामीची सवय झाली आहे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याच्या किसान परिषदेला मूठभर वारली गेले. पुढे शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी पाड्यापाड्यांत हिंडून माणसे बोलती केली. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारोंची परिषद भरली आणि निर्णय झाला: वेठ करायची नाही, आणि रोज १२ आणे रोख मिळाल्याशिवाय सावकाराच्या खासगी जमिनीवर कामाला जायचे नाही.

मुका म्हटलेला समाज एका हंगामात बोलू लागला. त्याचा स्वभाव त्या चार महिन्यांत बदलला नव्हता. बदलले ते हे. मनातली चीड आपल्या एकट्याची नाही, हे प्रत्येकाला झरीच्या माळावर डोळ्यांनी दिसले. निर्णय सगळ्यांसमक्ष झाला. आणि तो मोघम नव्हता. १२ आणे म्हणजे १२ आणे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणत्या शेतात कोण गेला आणि कोण नाही, हे सगळ्यांना दिसणार होते. "अन्यायाविरुद्ध लढू" असा ठराव कोणाला मोजता येत नाही. १२ आण्यांचा ठराव पोरालाही मोजता येतो.

जिथे सभा बोलत नाही, तिथे अफवा बोलते

गर्दीची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी १९४७ साली मांडले की गोष्ट जितकी जिव्हाळ्याची आणि तिची खबर जितकी धूसर, तितकी अफवा जोरात. दोहोंपैकी एक शून्य केले की अफवा मरते. जिव्हाळा शून्य करता येत नाही. पोरेबाळे, जमीन, पाणी हे जिव्हाळ्याचेच राहणार. धूसरपणा मात्र घालवता येतो, आणि तो घालवण्याचे ठिकाण म्हणजे सभा.

याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. १० ऑक्टोबर १९४५ ला गोदावरीबाईंची सभा आहे आणि त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी बातमी पसरवून वारल्यांना तलवाड्याला जमवण्यात आले. जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले. तिथे अफवेने आपली माणसे मारली. १६ एप्रिल २०२० ला टाळेबंदीच्या रात्री, चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा पसरलेल्या असताना, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्याला जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जीव घेतला. तिथे अफवेने जमावाच्या हातून माणसे मारली आणि मागे शंभराहून जास्त अटका ठेवल्या. जमावात प्रत्येकाला वाटते, बाकीच्यांना खात्री असेल. तीच धुराची खोली, फक्त इथे धूर नसताना सगळे धावले. ज्या गावाला "थांबा, आधी विचारू" असे म्हणणारा एक आवाज ऐकायची सभेत सवय आहे, त्याच गावात तो आवाज रात्रीही ऐकला जाण्याची आशा असते.

हे शास्त्र समोरच्याकडेही आहे

कोणी म्हणेल, हे तर लोकांना वळवण्याचे डावपेच झाले. आम्ही म्हणतो, डावपेच तुमच्यावर आधीपासून चालू आहेत. १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी दाखवले की आधी एखादी लहानशी विनंती मान्य करणारा माणूस नंतरची मोठी विनंती सहज मान्य करतो. भट्टीच्या मुकादमाने हा प्रयोग वाचलेला नाही, पण पावसाळ्यात घरी येऊन "राहू दे, पाचशेच तर आहेत" म्हणणारा तो याच वाटेने चालतो. पाचशेचे पाच हजार होतात आणि दिवाळीला सगळे घर ट्रकमध्ये चढते. निवडणुकीचा कार्यकर्ता आणि औषध कंपनीचा विक्रेता यांचेही बोट याच नाडीवर असते. नाडी कुठे आहे, ते आपल्यालाही माहीत असलेले बरे.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे. हे प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांवर झाले. जव्हारच्या माणसाला ते लागू कसे? याचे उत्तर आम्ही शेतीवाले म्हणून देतो. विद्यापीठाच्या प्लॉटवर निघालेले उत्पादन वरकस जमिनीत निघत नाही, म्हणून वाण फेकून देत नाहीत आणि डोळे मिटून सगळ्या रानात पेरतही नाहीत. एका गुंठ्यात लावून पाहतात. अॅशचा प्रयोग पुढे अनेक देशांत केला गेला आणि आकडे देशादेशांत वेगळे आले. या शास्त्रातले काही गाजलेले प्रयोग नंतरच्या तपासणीत टिकलेही नाहीत. आकडे घेऊ नका, प्रश्न घ्या, आणि आपल्या सभेत लावून पाहा.

तिसरे आम्हीच सांगतो. बोलल्याने पोट भरत नाही. रास्त भाव, मजुरी, पाणी, जमिनीचा कागद यांची जागा कोणतेही मानसशास्त्र घेऊ शकत नाही. पण हे सगळे ज्या दारातून यायचे, त्या दाराला आतून मौनाची कडी आहे. ती कडी काढायलाच हवी.

सभेची मांडणी अशी करून पाहा

१. मोठ्या सभेआधी पाच-सहा जणांचे गोल करा. बायांचे वेगळे, तरुणांचे वेगळे. अर्धा तास आपसांत बोला. मग प्रत्येक गोलातून एकाने "आमच्या गोलाचे म्हणणे असे" म्हणून सांगावे. "माझे म्हणणे" सांगायला छाती लागते, "आमचे म्हणणे" सांगायला साथ पुरते.

२. सरपंच, पुढारी, संघटनेचा कार्यकर्ता आणि साहेब यांनी शेवटी बोलावे.

३. वारली, कोकणा, ठाकरी, काथोडी, ज्याला जी येते त्या बोलीत बोलू द्या. लिहिणाऱ्याने लिहावे आणि पुन्हा त्याच बोलीत वाचून दाखवावे.

४. "समजले का?" विचारू नका. "काय समजले ते तू सांग" असे विचारा.

५. वादाच्या प्रश्नावर हात वर करायला लावू नका. आडोशाला मडके ठेवा. वालाचा दाणा म्हणजे हो, उडदाचा म्हणजे नाही. अक्षर येवो न येवो, दाणा सर्वांना टाकता येतो आणि कोणी कोणता टाकला ते मडके सांगत नाही.

६. प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक वार लिहा. पुढच्या सभेची सुरुवात त्या यादीने करा.

७. जमीन, पाणी आणि जंगल यांच्या ठरावावर त्याच दिवशी सही नको. ठराव वाचून झाल्यावर मध्ये एक रात्र जाऊ द्या. कोऱ्या कागदावर अंगठा तर कोणाच्याही सांगण्यावरून नाही.

८. मोठे निर्णय भट्टीवरून माणसे परतल्यावर, म्हणजे शिमगा ते पेरणी, किंवा भट्टीला निघण्यापूर्वी घ्या. पेसाखाली पाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. ती आपल्या वेळेला बोलावण्याचा हक्क वापरा. वेळ ठरवताना बायांना पाण्याची वेळ विचारा.

हा अंक जिल्हा बैठकीत तुमच्या हाती पडेल. आमची सूचना अशी आहे की या बैठकीपासूनच सुरुवात व्हावी. भाषणे अर्धी करावीत आणि वाचलेल्या वेळात तालुकावार गोल बसवावेत. जव्हार आणि मोखाड्याच्या गोलांनी येत्या हंगामासाठी एकच निर्णय घ्यावा, पण तो १२ आण्यांसारखा असावा: मोजता येईल असा, सगळ्यांना दिसेल असा, नावानिशी वाटून घेतलेला. पुढच्या बैठकीत त्याचा हिशेब सर्वांत मागे बसलेल्याने मागावा, आणि व्यासपीठावर बसलेल्यांनी तो उभे राहून द्यावा.

गाव करी ते राव न करी, ही म्हण खरी आहे. मात्र त्यासाठी गावाने आधी एकमेकांशी बोलले पाहिजे.